स्वयंपाकघर आणि राष्ट्रीय उत्पन्न

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘महामारीनंतरची ग्रामीण अर्थव्यवस्था’ असा होता. त्यासाठी लागणारे आकडे माझ्याजवळ आहेत, आणि पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यामुळे ते कोणत्या क्रमाने मांडले म्हणजे श्रोते तासभर स्वस्थ बसतात, हेही मला ठाऊक आहे. तथापि आज तो विषय दाराबाहेर ठेवून मी स्वयंपाकघरात शिरणार आहे. महामारीच्या काळात आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला घरच्या जेवणाचा नव्याने शोध लागला, असे त्या वेळी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. मीही त्या शोधकर्त्यांपैकी एक होतो. त्या शोधाची एकदा झडती घ्यावी असे बरेच दिवस मनात आहे, आणि ती आपल्या माणसांसमोर घेणे बरे.

दिनांक २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत देश बंद झाला. मला निवृत्त होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मुले परगावी, घरात आम्ही दोघेच. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना आम्ही जनता कर्फ्यूच्या दिवसापासूनच ‘सध्या येऊ नका’ असे सांगितले होते. पाटणी चौक ओस पडला, हॉटेले बंद झाली, आठवडी बाजार बंद झाला, आणि माझ्या पत्नीने स्वयंपाकघर पूर्णपणे आपल्या हाती घेतले. मग काय विचारता! ज्या पदार्थांची नावेही मी विसरलो होतो ते ताटात येऊ लागले. ज्वारीच्या कण्या, पातोड्यांचा रस्सा, अंबाडीची भाजी, चून-भाकर, लसणाचा ठेचा. एका रविवारी तर वांग्याची भाजी आणि रोडगे. उन्हाळा असल्याने गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळू लागले. आईच्या हातची चव परत आली, असे मी मित्रांना फोनवरून सांगत असे आणि मित्र मला आपापल्या ताटांची वर्णने ऐकवीत. बाहेरचे खाणे सुटले, प्रकृती सुधारली, कुटुंब एकत्र जेवू लागले, हरवलेली खाद्यसंस्कृती गवसली, असा एकंदर सूर होता. तो खोटा होता असे मी म्हणत नाही. कण्या खरोखरच उत्तम झाल्या होत्या.

त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने मजूर पायी चालले होते. आपल्यापैकी काहींनी त्यांच्यासाठी रस्त्याकडेला भात-वरण शिजविले आहे. त्याविषयी मी आपणास काही सांगावे असे नाही. मला आठवण द्यायची आहे ती ८ मे २०२० ची. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर, गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने, रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली त्यांच्यापैकी सोळा जण गेले. वर्तमानपत्रांत जे छायाचित्र आले त्यात रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या दिसत होत्या. वाटेत लागतील म्हणून त्यांनी त्या बांधून घेतल्या असणार. त्या वर्षी घरच्या जेवणाची असंख्य छायाचित्रे माझ्या पाहण्यात आली. लक्षात राहिले ते हे एक.

त्या छायाचित्राने माझ्या शोधाला तडा गेला असे सांगितले तर आपण कदाचित माना डोलवाल, पण ते खरे होणार नाही. मी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि जेवायला बसलो.

तडा गेला तो पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये. दुसरी लाट ऐन भरात होती. पत्नीला ताप आला आणि तपासणीत कोरोना निघाला. रक्तातील प्राणवायू ठीक असल्याने डॉक्टरांनी घरीच विलगीकरणात ठेवायला सांगितले. माडीवरची खोली तिला दिली. नियमाने दहा दिवस पुरले असते, पण अशक्तपणा इतका होता की ती सतराव्या दिवशी खाली आली. बाईंना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारी फाटकाशी दूध आणि भाजी ठेवून जात. अशा रीतीने वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण होऊन चार दशके उलटल्यावर, मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी जेवणाची जबाबदारी घेऊन शेगडीपुढे उभा राहिलो.

पहिल्या दिवशी वरण-भात निभावला. दुसऱ्या दिवशी तिने भाकर मागितली. मी पीठ परातीत घेऊन पाणी घातले, मळले, थापायला लागलो आणि भाकर तळहाताएवढी होताच चिरली. पुन्हा मळली, पुन्हा चिरली. माडीवर फोन केला.

‘‘पाणी उकळून घेतलं होतं का?’’

‘‘नाही. साधंच घेतलं.’’

‘‘मग कशी होईल? आणि अहो, पीठ कोणत्या डब्यातलं घेतलं? खालच्या डब्यातलं असेल तर ते दीड महिन्याचं आहे. त्याची विरी गेली असेल.’’

विरी! हा शब्द मी लहानपणी आईच्या तोंडून ऐकला असणार. १९७२ च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळे आणि तिच्या भाकरी थापताना आई याच शब्दाने कुरकुरत असे. गव्हाच्या कणकेत जो ताण असतो तो ज्वारीत मुळातच नाही. उकळत्या पाण्याने तो काही काळापुरता आणावा लागतो. पीठ जुने झाले की तोही येत नाही. मग तवा किती तापला म्हणजे भाकर टाकायची, वरून पाणी केव्हा फिरवायचे, ते सुकण्याच्या नेमक्या कोणत्या क्षणी उलटायची, आणि शेवटी आचेवर धरली असता पापुद्रा सुटून ती फुगावी यासाठी आधी कडा किती पातळ ठेवायच्या, हे सगळे ज्ञान आहे. उत्पादनाचे घटक म्हणून भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन हे मी वर्गात दरवर्षी शिकविले. श्रमाचे कुशल आणि अकुशल असे भाग पाडताना घरकाम हे मी बिनदिक्कत दुसऱ्या रकान्यात घालीत आलो होतो. माझी पहिली गोल भाकर अकराव्या दिवशी झाली. ती खाणारीला मात्र तेव्हा वास आणि चव दोन्ही नव्हते, त्यामुळे परीक्षकाविनाच मी उत्तीर्ण झालो.

सवयीप्रमाणे मी वही घातली होती. चहापासून रात्रीचा ओटा पुसेपर्यंतचा वेळ मी मांडीत असे. पहिल्या दिवशी सहा तास दहा मिनिटे लागली. सतराव्या दिवशी चार तास चाळीस मिनिटे. हे दोन माणसांच्या साध्या जेवणाचे, गॅस आणि नळाचे पाणी हाताशी असताना. वहीत न मांडता आलेली गोष्ट वेगळीच होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘उद्या काय करायचे’ हा प्रश्न डोक्यात घोळू लागे. घरात काय आहे, काय संपत आले आहे, कोणती भाजी आज केली नाही तर उद्या फेकावी लागेल. नियोजनावर मी कित्येक वर्षे व्याख्याने दिली, पण नियोजनाने माझी झोप कधी उडविली नव्हती. पत्नीला मी हे सांगितले तेव्हा ती माडीवरून एवढेच म्हणाली, ‘‘मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.’’

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली आहे. एखाद्या गृहस्थाने पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होते! कारण तेच काम ती पुढेही करीत राहते, परंतु पगार थांबतो. हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देत असे आणि वर्ग हसत असे. मुलगे हसत, हे नक्की. मुली हसत होत्या की नाही, हे मी कधी पाहिले नाही. पिगू यांना विसंगती दिसली होती. आम्ही प्राध्यापकांनी तिचा विनोद केला.

विसंगती आजही आहे तशीच आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली ज्वारी विकली नाही, घरातच खाल्ली, तरी तिची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते; आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीला ते मान्य आहे. त्याच ज्वारीची घरात भाकर झाली की हिशेब थांबतो. तीच भाकर पाटणी चौकातल्या हॉटेलात झाली तर पुन्हा सुरू होतो. मार्गारेट रीड या अमेरिकन विदुषीने १९३४ मध्येच साधी कसोटी सुचविली होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करविता येते ते घरात केले तरी उत्पादनच होय. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये याच प्रश्नावर सबंध ग्रंथ लिहिला. मी तो वाचला नव्हता असे नाही. वाचला होता, आणि ‘स्त्री-अभ्यास’ या फळीवर ठेवून दिला होता.

आपल्या चळवळीनेही या बाबतीत फारसे निराळे वर्तन केलेले नाही. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहे. लाटणे हे मोर्चाचे चिन्ह म्हणून आपण स्वीकारले. श्रमाचे हत्यार म्हणून कोयता आणि हातोडा यांच्या शेजारी त्याला जागा दिली नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणाऱ्या साने गुरुजींची आठवण आपण गहिवरून सांगतो. तेच काम ज्यांनी जन्मभर केले त्या आपल्या आयांविषयी त्या कारणाने गहिवरलेला वक्ता मी ऐकलेला नाही. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायकांना मात्र प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेची कर्जे मिळवून दिली. गिरणी कामगार आठ तास यंत्रापुढे उभा राहू शकतो तो या बाईने पहाटे चूल पेटविली म्हणून, ही गोष्ट तेथे प्रथम ध्यानात घेतली गेली. तो धागा पुढे आपण फार ताणला नाही.

माझ्या शिळ्या पिठाची गोष्ट अर्धी राहिली. ताजे पीठ हवे म्हणून मी गावी धाकट्या भावाला फोन केला आणि दहा किलो ज्वारी धाडायला सांगितले. तो हसला. ‘‘दादा, ज्वारी कोण पेरते आता? सोयाबीन धाडू का एक पोतं?’’ आमच्या लहानपणी त्याच वावरातून येणाऱ्या ज्वारीने घरातले बळद भरत असे. आज आपल्या जिल्ह्यात खरिपात नजर पोहोचेल तिथपर्यंत सोयाबीन आणि मधून तुरीच्या ओळी. त्यात शेतकऱ्याचा मूर्खपणा नाही. ज्वारीवर पाखरे येतात, रानडुकरे येतात, ऐन कणसात पाऊस आला की दाणा काळा पडतो, कापणीला माणसे मिळत नाहीत, आणि एवढे करून भाव नाही. सोयाबीन चार महिन्यांत निघते आणि दिवाळीच्या तोंडावर रोकड देते. पण ते घरात शिजत नाही. ते तेलाच्या कारखान्यात जाते आणि त्याचे तेल पिशवीतून परत येते. ते भाऊ दुकानातून विकत घेतो. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गोठ्यातली जनावरे कमी झाली, आणि दूधही पिशवीतून येऊ लागले.

टाळेबंदीत पुण्याहून पुतण्या गावी परतला तेव्हा शेतकऱ्याच्या त्या घरात खायला काय होते? रेशनचा गहू आणि तांदूळ. एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने माणशी पाच किलो धान्य मोफत दिले, त्याने माणसे तगली, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे; सार्वजनिक वितरणव्यवस्था मोडीत काढा असे सांगणारे पंडित त्या दिवसांत गप्प होते. परंतु शहरातले आम्ही लोक आजीच्या ज्वारीच्या कण्यांचे गोडवे गात असताना ज्वारी पिकविणारा स्वतः ती दुकानातून आणीत होता किंवा तिच्यावाचून राहत होता. पुढे २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ अशी पदवी मिळाली, दिल्लीच्या मेजवान्यांत ती वाढली गेली. भावाच्या वावरात त्या वर्षी काय होते ते आपण ओळखले असेलच.

तेव्हा घरच्या जेवणाचा शोध लागला म्हणजे नेमके काय झाले? सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, ती योगायोगाने एकदा महामारीच्या आधी, २०१९ मध्ये, आणि एकदा नंतर, २०२४ मध्ये. विनामोबदला घरकाम करणारी स्त्री त्यासाठी २०१९ मध्ये दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होती. करणारा पुरुष, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच होते, ९७ मिनिटे. मध्यंतरी महामारी येऊन गेली, शोध लागले, शोधांची वर्णने झाली. २०२४ मध्ये स्त्रीची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषाची ८८. म्हणजे जो पुरुष घरकामाला हात लावतो त्याचा वेळ नऊ मिनिटांनी कमीच झाला! शोध टिकला असता तर तो निदान दहा-पाच मिनिटांच्या रूपाने या तक्त्यात दिसायला हवा होता.

शिजविण्याला शासन किती मोल देते तेही पाहण्यासारखे आहे. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या बाईला २०२० साली महाराष्ट्रात दरमहा १,५०० रुपये मानधन होते. पुढे ते २,५०० झाले. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान कोठे आहे ते मला दिसलेले नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत नोंदणीकृत घरेलू कामगारांना एकदाच मदत जाहीर झाली, तीही १,५०० रुपये. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिन्याला मिळतात तेही १,५००. हा आकडा शासनाला फार प्रिय दिसतो. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. आपल्या गावात घरोघर पोळ्या लाटणाऱ्या किती बायकांची त्यात नोंद आहे, याची यादी आपल्या कार्यकर्त्यांनी गल्लीवार करावी अशी माझी पहिली सूचना आहे. जून संपेपर्यंत ती होऊ शकेल.

आणि आता मला जे सांगणे सर्वांत जड जाते ते. आमच्याकडे येणाऱ्या बाईंचा पगार महिना दोन हजार रुपये होता. २०२० च्या मार्चचा आम्ही पूर्ण दिला. एप्रिलचा अर्धा दिला. पुढे मे, जून, जुलै काही दिले नाही. कामच नाही तर पगार कसला, असा विचारही आम्ही केल्याचे आठवत नाही, नुसते राहून गेले. माझे निवृत्तिवेतन त्या काळात एक दिवसही चुकले नव्हते, आणि मीही काही काम करीत नव्हतो. ऑगस्टमध्ये त्या पुन्हा येऊ लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. दुसऱ्या लाटेनंतर, माझे सतरा दिवस झाल्यावर, मी त्यांना विचारले, ‘‘बाई, तुमचे गेल्या वर्षीचे पैसे राहिले आहेत ना? किती होतील?’’ मला वाटले होते, त्या ‘राहू द्या सर’ म्हणतील. त्या परातीतले हात न काढता म्हणाल्या, ‘‘एप्रिलचे अर्धे, मे, जून, जुलै. सात हजार.’’ चौदा महिने तो हिशेब त्यांच्या डोक्यात तयार होता. सात हजार दिले, आणि आता त्यांना आठवड्याची एक सुटी पगारी आहे. त्या दिवशीच्या भाकरी मी करतो. रोज करीन असे मी पत्नीला म्हटले होते. ते जमलेले नाही. वरच्या तक्त्यातल्या ८८ मिनिटांत मीही आहे.

माझी दुसरी सूचना लहान आहे. या मेळाव्याच्या जेवणाची व्यवस्था सकाळपासून मागच्या अंगणात चालू आहे. येताना मी पाहिले, तेथे अकरा भगिनी होत्या. मी जे काही बोललो त्यातले एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही, कारण ध्वनिक्षेपकाचे तोंड या बाजूला आहे. चुलीवरचे उतरले असेल तर त्यांना बाहेर बोलवावे आणि या पुढच्या रांगेत बसवावे. प्रश्नोत्तरे त्यांच्यापासून सुरू होऊ द्यावीत. ताटे मांडायला आणि वाढायला आपण दहा-बारा जण उठू. मी वरणाची बादली घेतो.